कायकवरचं सामान: काय न्यायचं, कुठं ठेवायचं

गेल्या महिन्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर कायकमधून, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून, करायच्या मासेमारीबद्दल लिहिलं, तेव्हापासून प्रश्न येताहेत. बहुतेक सगळे सामानाचेच आहेत. काठावर बसून गळ टाकणाऱ्याला मागं हात केला की पिशवी सापडते, कायकवर तसं होत नाही. निवडक प्रश्न घेतो.

नवीन कायक घेतली आहे. तीन रॉड, दोन मोठे बॉक्स, बादली, जेवणाचा डबा असं सगळं नेतो. पाण्यात गेल्यावर अर्धं सामान पायात येतं आणि हवी ती वस्तू नेमकी मागं राहते. काय करावं? (होटगी रोड, सोलापूर)

आधी निम्मं घरी ठेवा. रॉड दोन पुरेत: एक मरळीच्या फ्रॉगसाठी (बेडकासारखं रबरी आमिष) दणकट, दुसरा चिलापी-रोहूसाठी हलका. बॉक्स एकच, चपटा, पारदर्शक झाकणाचा. आज ज्या माशासाठी निघालात तेवढंच त्यात भरा. हिप्परग्याच्या तलावावर मरळ मारायला जाताना कटल्याचा सरंजाम कशाला?

राहिलेलं सामान सीटच्या मागं दुधाच्या पिशव्यांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा. जगभरचे कायकवाले हाच क्रेट वापरतात, कारण तो स्वस्त आहे, पाणी साठवत नाही आणि त्याच्या जाळीला काहीही बांधता येतं. शेतातल्या पाइपलाइनच्या कामातून उरलेला दीड इंची पीव्हीसी पाइप फूटभर लांबीचे दोन तुकडे करून क्रेटच्या मागच्या कोपऱ्यांना केबल टायनं आवळा. रॉड उभे करायची सोय झाली. पाइपाची वरची कड मात्र कानसीनं घासून घ्या, नाहीतर रीलच्या खाली रॉडला चरे पडतात. क्रेट कायकच्या कड्यांना चारही बाजूंनी बांधा. गाडीच्या कॅरिअरला लावतात ती ट्यूबची पट्टी चालते, पण दोन पट्ट्या लावा. जड शिसं क्रेटच्या तळाशी, हलकं वर.

आता मुख्य गोष्ट. पक्कड, दोरी कापायची कात्री आणि मासा पकडायची ग्रिप क्रेटमध्ये नको. ती अंगावर, लाईफ जॅकेटच्या खिशात किंवा मांडीशी हवी. गळाला मासा लागलेला असताना कंबरेतून मागं वळणं हा कायक पालथी घालायचा खात्रीचा मार्ग आहे. वळल्याशिवाय हाताला लागत नाही ती वस्तू मासा लागल्यावर वापरायची नाही, असंच धरून चाला.

डब्याबद्दल: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. उन्हात विटत नाही, सांडत नाही, आणि तेलकट हातानं रील धरायची वेळ येत नाही.

मासा लागला आणि झटक्यात रॉडच पाण्यात गेला. मित्र म्हणतो, सगळं दोरीनं बांधून ठेव. बरोबर आहे का? (टेंभुर्णी)

अर्धं बरोबर आहे. रॉड, वल्हं आणि पक्कड यांना गुंडाळी होणारी आखूड दोरी असावी. वल्हं गेलं तर रॉड जाण्यापेक्षा वाईट, म्हणून ते आधी. दोरी कायकला बांधा, मनगटाला किंवा कंबरेला कधीही नाही. कायक उलटली की याच दोऱ्या पायात अडकतात. म्हणून एक लहान सुरी लाईफ जॅकेटवर छातीपाशी, कोणत्याही हातानं उपसता येईल अशी ठेवा. नदीला वाहतं पाणी असेल तर दोऱ्या सोडूनच टाका, तिथं अडकलेली दोरी माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. रॉडच्या मुठीवर फोमचा जाड तुकडा गुंडाळला तर हलका रॉड तरंगतोही. घरच्या बादलीत टाकून आधी बघा.

आणि उजनीचा वारा विसरू नका. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटले की रॉड आवरून आडवे बांधायचे आणि काठ गाठायचा.

पाण्यातल्या बाभळींत गळ अडकतो. ओढलं तर कायकच झाडाकडं जाते. शिवाय एकदा गळ कोणाच्या तरी जाळ्यात गेला. (करमाळा)

कायक जाते तर जाऊ द्या, तेच हवं आहे. रॉडनं हिसके देत बसू नका, त्यानं रॉडचं टोक मोडतं. दोरी रीलमध्ये घेत झाडाजवळ जा, पलीकडच्या बाजूला वळसा घाला आणि गळ ज्या दिशेनं आत गेला त्याच्या उलट हलकं ओढा. बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर दोरी तोडायची. विणलेली दोरी हाताला गुंडाळून ओढाल तर बोट कापतं. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे द्या, रॉड बाजूला ठेवा आणि सरळ ओढा. कायकच्या आडव्या बाजूला ओढू नका, पुढच्या टोकाच्या दिशेनं ओढा.

जाळ्याची गोष्ट निराळी. ते कोणाच्या तरी पोटाचं साधन आहे. गळ हातानं सोडवा, जमलं नाही तर आपलीच दोरी कापा, जाळ्याचा एक धागाही नाही. जाळ्याच्या तरंगांची रांग दिसली की पन्नासेक हात लांबूनच जा. आणि फुगवट्यावर मासेमारीचा ठेका कोणाकडं आहे ते काठावरच्या वस्तीत विचारून परवानगी घ्या.

रॉड उभे ठेवून वल्हवलं तर चालेल ना? (माढा)

मोकळ्या पाण्यात चालेल. काठाजवळ नाही. धरणाकाठी शेतीपंपांच्या वायरी पाण्यावरून खाली लोंबतात, आणि पाणी चढलं की त्या आणखी जवळ येतात. रॉड कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. वायर दिसली की रॉड खाली, आडवे. गडगडाट ऐकू आला तरी तेच.

उन्हात बॉक्समधली रबरी आमिषं वितळून एकमेकांना चिकटली. गळही गंजले. (बार्शी)

वितळण्यात ऊन एकटंच दोषी नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या रबरी आमिषांतला मऊ करणारा पदार्थ एकमेकांत उतरतो, काही आमिषं तर बॉक्सचं प्लास्टिकही खातात. म्हणून ती मूळ पाकिटातच ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवाल तर सोलापूरच्या मे महिन्यात काहीच शिल्लक राहणार नाही.

गंजाचं कारण ओलं आमिष बंद झाकणाखाली टाकणं. वापरलेली आमिषं क्रेटच्या जाळीला लटकवा, घरी आल्यावर पंख्याखाली वाळवा, मगच बॉक्स लावा. औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिकाच्या पुड्या आत टाका. नायलॉनचं तंगूस उन्हात कमजोर होतं, ते दर हंगामाला बदललेलं बरं.

मरळ कायकवर घेताना धांदल उडते. एकदा तिहेरी गळ हातात घुसता घुसता वाचलो. (पंढरपूर)

तिहेरी गळ काढून त्या जागी एकेरी लावा. काट्याचं उलटं टोक पकडीनं दाबून सपाट करा, मासा फारसा सुटत नाही आणि हातातून गळ निघतो. जाळी रबराच्या वेणीची घ्या, सुती जाळीत गळ गुंतून अर्धा तास जातो. मरळ मांडीवर घेऊ नका. ती शांत वाटते आणि मग अचानक उसळते. पाण्यातच ग्रिपनं धरा, डोकं कायकच्या काठावर टेकवा, मग गळ काढा. बोटात गळ गेलाच आणि उथळ असेल तर टोक पुढं ढकलून कटरनं कापा. सांध्याजवळ, डोळ्याजवळ किंवा खोल असेल तर तसाच ठेवा, हलणार नाही असा बांधा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय की नाही ते डॉक्टरांना सांगा. म्हणून गळ कापणारा कटर प्रथमोपचाराच्या पिशवीत हवाच, आणि त्याचं काम साध्या कात्रीनं भागत नाही.

आणि पिलांच्या लाल थव्याखाली राखण करत घिरट्या घालणारी मरळ दिसली तर ती राहू द्या.