गिटार मोकळ्यावर, प्लग कुठेच नाही

प्रश्न : मी अकूस्टिक गिटार वाजवत गाते. कार्यक्रम छोटे असतात, मोकळ्या जागेत, तीस-चाळीस श्रोते. वीज मिळेलच असं नाही. गिटारमध्ये पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, आहे. भावाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला जोडून पाहिली, तर आवाज बंद दारामागून आल्यासारखा वाटला. कुणी १५ वॅट पुरेत म्हणतं, कुणी १०० हवेतच म्हणतं. सामान मला एकटीलाच उचलायचं असतं. काय घेऊ?

उत्तर : भावाच्या अँपमध्ये काही बिघाड नाही. त्या अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडतच नाही, आणि इलेक्ट्रिक गिटारला ते शोभतं. अकूस्टिक गिटारची चमक, तारेवर नख लागल्याचा तो आवाज, बराचसा त्याच्याही वर असतो. तेव्हा ट्वीटर (उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर) असलेला अकूस्टिक अँप किंवा बॅटरीवरचा छोटा पीए स्पीकर, म्हणजे सभेत गाणं-भाषण ऐकवणारा स्पीकर, बघा. तुम्ही गाता, म्हणून माइक आणि गिटार यांचे चॅनल वेगळे हवेत आणि दोन्हींचा टोन स्वतंत्रपणे फिरवता आला पाहिजे.

त्याआधी गिटारकडे नीट बघा. ९ व्होल्टची बॅटरी बसवायची जागा दिसते का? दिसली तर आत प्रीअँप, म्हणजे पिकअपचा कमकुवत संकेत सावरणारं छोटं सर्किट, आहे, मग कुठेही जोडा. नसेल तर पिकअप बहुधा सॅडलखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) साधा पिएझो, म्हणजे दाब ओळखणारी पट्टी, असणार. त्याला साधारण १ मेगाओम इतक्या मोठ्या विद्युत रोधाचं इनपुट लागतं. पीए स्पीकरच्या लाइन इनपुटला, जिथे हा रोध बराच कमी असतो, तो थेट जोडला, की खर्ज गळतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. अशा वेळी मधे एक छोटा प्रीअँप घाला. कित्येकांनी निव्वळ या कारणाने चांगले स्पीकर परत केलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

वॅटच्या आकड्यावर फार जीव टाकू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो; कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मोकळ्यावर भिंतींची साथ नसते, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणून वॅट वाढवण्याआधी स्पीकर स्टँडवर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर न्या. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पहिल्या रांगेतच अडतो. जवळ बसलेल्या चाळीस जणांना ३० ते ६० वॅट पुरतात, हा माझा अनुभव.

बॅटरीचे तास उत्पादक मध्यम आवाजावर मोजतात, हे लक्षात ठेवा. काही अँपची ताकद बॅटरीवर कमीही होते. एका संध्याकाळी गाणं ऐन रंगात असताना माझ्या स्पीकरची आतली बॅटरी संपली. उरलेली गाणी मी नुसत्या गिटारवर, लोकांना जवळ बोलावून म्हटली. तेव्हापासून बॅटरी बदलता येईल असाच स्पीकर घेते. रोलँडचा एसी-३३ आठ एए सेलवर चालतो. पिशवीत जादा सेल टाकले की निर्धास्त.

स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून ती घुमायला लागते ती बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, कारण तिच्या पोकळीतली हवा तिथेच डोलते. नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) किंवा फेजचं (आवाजाची लहर उलटवणारं) बटण असेल तर उत्तम, नाहीतर साउंडहोलमध्ये रबरी झाकण बसवा. गिटार ब्लूटूथने मात्र जोडू नका. आवाज उशिरा पोचतो आणि हात अडखळतात.

दुकानात स्वतःचीच गिटार न्या. ती दुसऱ्या कुणाला वाजवायला देऊन वीस पावलं लांब उभ्या राहा आणि तिथून ऐका. मग गिटार पाठीला, स्टँड एका हातात, स्पीकर दुसऱ्या हातात घेऊन दोन जिने चढून पाहा. मी स्वतः ७ किलोंच्या पुढे जात नाही.