ओकायामात पायी फिर

अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या ओकायामाच्या कामावर तुझं नाव लागल्याचं कळलं. पहिलीच परदेशवारी आणि समोर क्लायंट. हॉटेल ते मीटिंग, मीटिंग ते हॉटेल एवढंच करून परत येशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं.

मीटिंग दहाला असेल तर सातला बाहेर पड. नवे बूट घालू नकोस. स्टेशनासमोर मोमोतारोचा पुतळा आहे, पीचमधून जन्मलेला लोककथेतला पोरगा. त्याच्याच नावाचा रस्ता नाकासमोर पूर्वेला जातो. ट्राम दिसेल, चढू नकोस. अर्ध्या तासात नदीकाठी पोचशील.

तिथला किल्ला काळाकुट्ट, म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. १९४५च्या बाँबहल्ल्यात तो जळाला, १९६६ साली काँक्रीटचा उभारला. आत लिफ्ट आहे! सिंहगड चढणाऱ्याने बाहेरूनच बघावा आणि पूल ओलांडून कोराकुएन बागेत शिरावं. उन्हाळ्यात ती साडेसातला उघडते, थंडीत आठला. १७०० साली पुरी झालेली ही बाग बघताना ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं वाटेल. वाटणारच, आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरूनच बेतलंय. इथे हिरवळीच्या जोडीला चहाचा मळा आणि भाताचं खाचरही आहे. खाचरापाशी जरा थांब.

पण मला सांगायचंय ते पायाखालचं. फुटपाथवर पिवळ्या, उठावाच्या फरशा दिसतील. आपल्या मेट्रो स्टेशनांत आहेत ना, त्याच. मी एकदा त्यांच्यावर उभा राहून मोबाइलवर नकाशा बघत होतो. मागून टक-टक, टक-टक. एक आजोबा पांढरी काठी टेकवत त्याच पट्टीवरून येत होते. काठी माझ्या बुटाला लागली तसे ते थबकले आणि वर मलाच ‘सुमिमासेन’ म्हणाले. माफी त्यांनी मागितली! मी टुणकन बाजूला झालो, पण शब्द काही फुटला नाही.

संध्याकाळी क्लायंटकडच्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं, तेव्हा कळलं की या फरशा ओकायामाच्याच. सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७च्या मार्चमध्ये इथल्या अंधशाळेजवळ जगात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे रस्ता किंवा जिना आहे. दुसऱ्या दिवशी पातळ तळाच्या चपला घालून त्यावरून चाललो. डोळे मिटून दहा पावलंसुद्धा धड जमली नाहीत. तू करून बघ, पण पहाटे, रस्ता मोकळा असताना.

कचऱ्यासाठी खिशात एक पिशवी ठेव, रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. येताना किबिदांगो ही तिथली मिठाई आण, मऊ असतात, माझ्या दातांना चालतात.

त्या पहिल्या फरशा बसवल्या तो हाराओजिमाचा चौक नदीच्या पलीकडे आहे. माझं जायचं राहिलं. गेलास तर फोटो पाठव, फक्त फरशीवर उभा राहून काढू नकोस.