हॉल-बुकिंगच्या ॲपमध्ये तारीख एक दिवस मागे का जाते, आणि तारीख-वेळ दाखवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या एका सोसायटीच्या हॉलसाठी बुकिंगचं वेब ॲप आहे. २७ ऑगस्टचं बुकिंग केलं की कधी २६ दिसतं. न्यू जर्सीला राहणाऱ्या एका सभासदाला तर कायमच एक दिवस आधीची तारीख दिसते. शिवाय तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये दाखवावी, आणि ‘२ तासांपूर्वी’ असं लिहावं का, हेही विचारलंय.

फॉरमॅटचं नंतर बघू. आधी प्रत्येक तारखेला एकच प्रश्न विचारा: हा काळातला एक नेमका क्षण आहे, की कॅलेंडरवरचा एक चौकोन? पावती फाटली, पैसे जमा झाले, लॉगिन झालं, हे क्षण. ते जगात सगळीकडे एकदाच घडतात. हॉलची तारीख, वाढदिवस, देखभाल शुल्काची शेवटची तारीख हे चौकोन. त्यांना टाइमझोन नसतोच. चौकोनाला क्षणाच्या डब्यात कोंबलं की तारीख सरकते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, तेही दोन उलट्या दिशांनी.

पहिली दिशा मुंबईतली. कॅलेंडर विजेटमध्ये २७ ऑगस्ट २०२५ निवडला की बहुतेक विजेट जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट (तारीख आणि वेळ मिळून एक क्षण धरणारी वस्तू) देतात, ब्राउझरच्या स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीचा. तो सर्व्हरला पाठवताना ‘टूआयएसओस्ट्रिंग’ (क्षणाचा ‘वर्ष-महिना-दिवस’ क्रमाचा मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, बनवणारं फंक्शन) लावलं की तो यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत जातो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपली २७ ची मध्यरात्र तिथे २६ ची संध्याकाळ, १८:३०. मग कोणीतरी त्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि डेटाबेसमध्ये २६ बसतो. ‘कधी कधीच’ होतं, कारण ॲपच्या ज्या स्क्रीनवर साधा तारखेचा इनपुट आहे तिथे व्हॅल्यू मुळातच ‘२०२५-०८-२७’ अशी स्ट्रिंग येते आणि ती तशीच पुढे जाते. दोन स्क्रीन ताडून बघा, फरक सापडेल.

दुसरी दिशा न्यू जर्सीतली. सर्व्हरने ‘२०२५-०८-२७’ अगदी बरोबर पाठवलं, पण ब्राउझरमध्ये त्याचा डेट ऑब्जेक्ट बनवला. नुसती तारीख असलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्ट यूटीसी मध्यरात्र समजतं (त्याच स्ट्रिंगला वेळ जोडली आणि झोन लिहिला नाही, तर मात्र स्थानिक समजतं, ही विसंगती भाषेतच आहे). यूटीसी मध्यरात्र म्हणजे मुंबईत त्याच दिवशी पहाटे साडेपाच, त्यामुळे इथे कोणालाच चूक दिसत नाही. न्यू जर्सीत मात्र तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात.

उपाय दोन्हीला एकच. डेटाबेसमध्ये कॉलम ‘डेट’ प्रकारचा ठेवा, टाइमस्टॅम्प (तारीख अधिक वेळ) नको. एपीआयमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या देवाणघेवाणीत, दहा अक्षरी स्ट्रिंगच फिरवा. दाखवताना डेट ऑब्जेक्ट बनवावाच लागला तर फॉरमॅटरला टाइमझोन ‘यूटीसी’ द्या, म्हणजे जो आकडा आत गेला तोच बाहेर येतो. नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरत असाल तर आणखी एक खड्डा आहे: नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर ‘डेट’ कॉलमचाही स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट करतो. सर्व्हर यूटीसीवर असेल तर सगळं बरोबर दिसतं, आणि तोच कोड तुमच्या लॅपटॉपवर एक दिवस मागे जातो. प्रकार क्रमांक १०८२ (पोस्टग्रेसचा ‘डेट’) साठी पार्सर, म्हणजे आलेली व्हॅल्यू वाचणारं फंक्शन, बदलून स्ट्रिंगच परत द्या.

आता क्षणांबद्दल. ते यूटीसीमध्ये साठवा, पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्पटीझेड’. नावात झोन असला तरी हा प्रकार झोन साठवत नाही, फक्त क्षण साठवतो, हे ध्यानात ठेवा. वेळ लिहिताना ‘आयएसटी’ हे तीन अक्षरी नाव टाळा. भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघांची वेळ त्याच अक्षरांनी ओळखली जाते, आणि पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे. संध्याकाळी ७ चं बुकिंग गुपचूप साडेतीन तासांनी सरकेल आणि एररही येणार नाही. ‘एशिया/कोलकाता’ असं पूर्ण नाव द्या. क्रोम मात्र हाच झोन विचारल्यावर ‘एशिया/कॅलकटा’ असं जुनं नाव परत देतो. दोन्ही एकच आहेत, पण स्ट्रिंगची सरळ तुलना केली तर तुमचा झोनचा ड्रॉपडाउन रिकामा दिसेल.

चूक ओळखायची खूण: वेळ साडेपाच तास मागे दिसली तर झोनचं रूपांतर राहून गेलंय, साडेपाच तास पुढे दिसली तर ते दोनदा झालंय. पहिला प्रकार ईमेल, एसएमएस आणि पीडीएफ पावतीत हमखास सापडतो, कारण ते सर्व्हरवर बनतात आणि क्लाउडवरचे सर्व्हर सहसा यूटीसीवर चालतात. सकाळी १०:३० ला भरलेल्या पैशांची पावती पहाटे ५:०० ची निघते.

यातला खरा घातक भाग रात्री १२ ते पहाटे ५:३० हा पट्टा आहे. या साडेपाच तासांत यूटीसीमध्ये अजून कालचीच तारीख चालू असते. टेस्टिंग दिवसा होतं, म्हणून हे कोणाच्या नजरेस येत नाही. १ एप्रिलला रात्री १ वाजता कोणी यूपीआयने देखभाल शुल्क भरलं आणि रिपोर्टमध्ये तुम्ही यूटीसी तारखेने गट केले, तर ती रक्कम ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाते. खजिनदार बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा लावत बसतील आणि दोष बिचाऱ्या पावतीपुस्तकाला देतील. गट करण्याआधी क्वेरीतच भारतीय वेळेत रूपांतर करा, मगच तारीख काढा.

हॉलची वेळ हा तिसरा प्रकार, आणि तो बहुतेकांच्या हातून निसटतो. ‘२७ ऑगस्ट, संध्याकाळी ७’ ही भविष्यातली भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आहे. ती तारीख, वेळ आणि झोनचं नाव अशी साठवा, नुसत्या यूटीसीत नको. भारतात आज उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत) नाही म्हणून फरक पडणार नाही, पण बाकीचं जग थांबलेलं नाही: मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये परत आणली. हॉल दादरला आहे, तर वेळ दादरचीच दाखवा, बघणारा कुठेही बसलेला असो. ऑनलाइन सभा असेल तरच बघणाऱ्याची वेळ शेजारी द्या: ‘रात्री ८:०० भारतीय वेळ · तुमच्याकडे सकाळी १०:३०’. हा साडेनऊ तासांचा फरक कोडमध्ये पक्का लिहू नका. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं, आणि त्यानंतर तीच सभा त्यांच्याकडे ९:३० ला असते.

आता दाखवायचं कसं. ‘०५/०३/२०२५’ कधीच नको. आपण ५ मार्च वाचतो, अमेरिकेतला सभासद ३ मे. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो: ‘बुध., २७ ऑगस्ट २०२५’. वार अवश्य द्या. लोक तारखेपेक्षा वारानेच दिवस लक्षात ठेवतात, आणि वार व तारीख जुळली नाही तर चूक बुकिंगच्या आधीच पकडली जाते.

मराठी लोकेल (भाषा आणि देशाचा कोड) ‘एमआर-आयएन’ दिलं की ब्राउझरचा फॉरमॅटर आकडे आपोआप देवनागरी देतो. हिंदीत तसं होत नाही, तिथे मूळ सेटिंग इंग्रजी आकड्यांचं आहे. देवनागरी आकडे छान दिसतात, पण एकाच स्क्रीनवर तारीख देवनागरीत आणि रक्कम इंग्रजीत अशी सरमिसळ करू नका. इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलला ‘यू-एनयू-लॅटन’ ही शेपटी जोडा. देवनागरी ठेवलेत तर लोक टाइपही देवनागरीत करतील, आणि जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ फंक्शन ‘२७’ ला आकडा मानत नाही. इनपुट वाचताना आधी आकडे बदलून घ्या.

मध्यरात्रीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे कोड बरोबर असूनही माणूस चुकतो. आपल्या बोलण्यात दिवस झोपल्यावर संपतो, बाराच्या ठोक्याला नाही. मुंबईत शेवटची लोकल पकडणारा ‘शुक्रवारी रात्री साडेबाराची’ म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर शनिवार लागलेला असतो. तिकिटावर ‘१५ मार्च, ००:१०’ छापलेलं असलं की कुटुंबच्या कुटुंब १५ च्या रात्री सामान घेऊन दादर स्टेशनवर उभं राहतं, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. हॉलसाठीही हेच. रात्री १२ ते ४ मधली कुठलीही वेळ दोन्ही बाजूंनी सांगा: ‘शनि., १५ मार्च, ००:१० (शुक्रवारची रात्र)’. शेवटची मुदत द्यायची तर ‘५ मार्च रात्री १२’ लिहू नका, त्यातून दोन वेगळ्या रात्री निघतात. ‘५ मार्च, रात्री ११:५९ पर्यंत’ लिहा. बुकिंगचा शेवट मात्र डेटाबेसमध्ये पुढच्या दिवशीचा ००:०० च ठेवा, आणि तपासताना शेवटचा क्षण बुकिंगमध्ये धरू नका. तिथे ११:५९ साठवलं तर १२ ला सुरू होणाऱ्या बुकिंगआधी एक मिनिट उगाच मोकळं राहतं.

‘सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री’ हे शब्द मराठी वाचकाला एएम-पीएमपेक्षा जवळचे वाटतात, म्हणून ते वापराच. रकान्यांच्या तक्त्यात मात्र २४ तासांची पद्धत घ्या आणि सीएसएसमध्ये ‘टॅब्युलर-नम्स’ लावा, म्हणजे वापरलेल्या फॉन्टमध्ये सोय असेल तर आकडे एकाखाली एक येतात. रकाना क्रमाने लावताना दिसणारा मजकूर वापरू नका, नाहीतर ‘एप्रिल’ जानेवारीच्या आधी येईल. त्यामागची ‘२०२५-०८-२७’ अशी आयएसओ स्ट्रिंग वापरा.

‘२ तासांपूर्वी’ नोटिफिकेशनमध्ये चालेल, साधारण एक दिवसापर्यंत. पावती, तक्रार आणि बुकिंग यांना नको. लोक स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, आणि तिथे ‘५ मिनिटांपूर्वी’ला काही अर्थ उरत नाही. माउस नेल्यावर पूर्ण वेळ दिसेल अशी सोय मोबाइलवर कामाची नाही, म्हणून पूर्ण वेळ खाली बारीक अक्षरांत लिहाच. आणि ‘परवा’ हा शब्द स्क्रीनवर आणू नका. बोलताना क्रियापद सांगतं परवा गेला की परवा येणार, पण बटणावर किंवा तक्त्यात क्रियापद नसतं. ‘काल’ आणि ‘उद्या’ ठीक आहेत, फक्त ते बघणाऱ्याच्या मध्यरात्रीवरून ठरवा, चोवीस तासांच्या वजाबाकीवरून नाही. काल रात्री ११ ची गोष्ट आज सकाळी ७ ला ‘काल’च असते.

सर्व्हरवर जावा भाषा असेल तर एवढं तपासा: फॉरमॅटमध्ये वर्षासाठी वाय हे अक्षर लहान लिपीत हवं. कॅपिटल वाय आठवड्याचं वर्ष देतो, आणि ३० डिसेंबर २०२४ ला २०२५ छापतो.

टेस्टसाठी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘सेन्सर्स’ उघडा, तिथे ठिकाण बदललं की टाइमझोनही बदलतो. एकदा मुंबई, एकदा न्यूयॉर्क ठेवून हीच चार बुकिंग करा: २७ ऑगस्ट नुसती तारीख, १ एप्रिल रात्री १:००, ३१ डिसेंबर रात्री ११:३०, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरची ऑनलाइन सभा. मग सर्व्हरचा टीझेड व्हेरिएबल (टाइमझोनची सेटिंग) यूटीसी आणि भारतीय वेळ असा आलटून-पालटून ठेवून ईमेल आणि पीडीएफ काढा. पहिल्या बुकिंगची नुसती तारीख प्रत्येक वेळी २७ च दिसली पाहिजे. जिथे २६ येईल, तिथे अजून कोणीतरी चौकोनाचा डेट ऑब्जेक्ट बनवतंय.