‘इतक्यासाठी कशाला त्रास द्यायचा?’

लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. पहिलटकरीण आहे, बाविसावा आठवडा चालू आहे. पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मुख्य प्रश्न हॉस्पिटलचा. तिच्याच शब्दांत देते:

‘घरापासून बारा मिनिटांवर एक हॉस्पिटल आहे, सध्या नाव तिथेच नोंदवलंय. इमारत जुनी, पार्किंगची बोंब. दुसरं पस्तीस मिनिटांवर. तिथे मिडवाइफनी, म्हणजे प्रशिक्षित सुईणींनी, चालवलेलं बर्थ सेंटर आहे, पाण्याचे टब आहेत, मंद दिवे आहेत, नवऱ्याला रात्री थांबता येतं. आमच्या मंडळातल्या तिघींची बाळंतपणं तिथेच झाली, तिघीही खूश आहेत. जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणतात, कुठलंही निवडा, तुमचा हक्क आहे. मी तक्ता केलाय, पण निर्णय होत नाही.’

तक्ता तिनं सोबत पाठवलाय. अकरा रकाने आहेत. पार्किंगचा आहे, जेवणाचा आहे, खोलीला स्वतंत्र बाथरूम आहे का याचाही आहे. कौतुक वाटलं मला. आपल्या मुली नोकरीतली शिस्त घरात आणतात ती अशी.

पण माझं लक्ष अडकलं ते तिसऱ्या पानावरच्या एका ओळीत. ती ओळ तिनं जाता जाता लिहिली आहे. ‘परवा रात्री दोनच्या सुमाराला पोट तीन-चारदा दगडासारखं कडक झालं. ट्रायाजचा, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या तपासणी विभागाचा, नंबर फ्रीजवर लावलेला आहे, पण इतक्यासाठी कशाला त्यांना त्रास द्यायचा, म्हणून डाव्या कुशीवर पडून राहिले. सकाळी बरं वाटलं.’

अगं बाई! बाकीचे अकरा रकाने राहू देत. (अगं-तुगं करते आहे, माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस.) पोट असं कडक होणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, हे खरं. पण ते निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवायला तिथे रात्रभर पगारी माणूस बसवलेलं आहे. अंधारात कुशीवर पडून तू ते ठरवायचं नाहीस. उत्तर छापून यायची वाट न बघता मी तिला त्याच दिवशी कळवलं, आधी फोन कर. तिनं केला. तपासायला बोलावलं, लघवीत जंतुसंसर्ग निघाला, गोळ्या मिळाल्या. आता बरी आहे. ‘त्रास दिलात’ असं तिला कुणीही म्हटलं नाही.

म्हणून हॉस्पिटल कसं निवडायचं हे मी सांगणार आहे, पण माझ्या क्रमानं.

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक कसं करतात, आठवून बघा. ‘हूं की चूं केलं नाही हो पोरीनं.’ माझी आजी कऱ्हाडला आल्या-गेल्याला माझ्या आईबद्दल हेच सांगायची, आणि आईच्या चेहऱ्यावर पदक मिळाल्यासारखा आनंद असायचा. मी ते ऐकत वाढले. १९८७ साली माझा मुलगा इथे इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा तेच पदक मिळवायला निघाले होते. बाळंत झाल्यावर काही तासांनी खाली असह्य ठणका लागला. पडद्याआडून सिस्टर दोनदा डोकावली. ‘सगळं ठीक ना?’ दोन्ही वेळा मी ‘येस, थँक यू’ म्हटलं. आत रक्त साकळून गाठ वाढत होती. शेवटी फरशी पुसायला आलेल्या एका पंजाबी बाईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बादली तिथेच ठेवली आणि सिस्टरला हाताला धरून घेऊन आली. तिचं नावही मी विचारलं नाही. आजही वाईट वाटतं त्याचं.

बरं, मी नवखी होते, इंग्रजी तोडकंमोडकं होतं असं म्हणावं, तर माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. २०१६ साली तिच्या पहिल्या वेळी मी तिच्या घरी होते. पहाटेचे तीन वाजलेले. स्वयंपाकघरात एका हातानं सिंकची कड धरलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली, दुसऱ्या हातात फोन. आणि आवाज? बँकेत चौकशी करावी तसा. ‘सॉरी टु बॉदर यू.’ कळ आली की ती फोन तोंडापासून लांब धरायची, दात आवळून कळ जाऊ द्यायची आणि मग पुन्हा तोच गोड आवाज. पलीकडच्या मिडवाइफला काय ऐकू आलं असेल? शांत, हसतमुख बाई. ‘अजून वेळ आहे, पॅरासिटामॉल घ्या, गरम पाण्यात बसा, घरीच थांबा.’ असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी जावयाला म्हटलं, गाडी काढ. पोचलो आणि अर्ध्या तासात नात झाली, कपडे धड बदलायच्या आत. सगळं नीट झालं ही देवाची कृपा. पण हॉस्पिटल कुठलंही असो, फोनवर चेहरा दिसत नाही. म्हणूनच मिडवाइफ नवऱ्याशी न बोलता बाईशीच बोलायला मागतात. कळ येते तेव्हा बोलणं थांबतं का, श्वास कसा लागतो, हे त्या कानानं तपासत असतात. आणि आपण नेमकं तेच लपवतो.

हे माझं एकटीचं दुःख नव्हे. या देशातल्या मातामृत्यूंच्या तपासणीत २०१७ ते २०१९ या काळात आशियाई स्त्रियांमधलं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. घाबरू नकोस, एकूण धोका फार लहान आहे, त्या काळात लाख बाळंतपणांमागे नऊच्या आसपास मृत्यू होते. कारणंही पुष्कळ आहेत, सगळं खापर गप्प बसण्यावर फोडता येणार नाही. पण २०२२ मध्ये श्रूझबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांबद्दलचा डोना ऑकेंडेन या ज्येष्ठ मिडवाइफचा चौकशी अहवाल आला, त्यात पानोपानी एकच तक्रार आहे: बायका सांगत होत्या आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. सांगणाऱ्यांचं ऐकलं जात नसेल, तर न सांगणारीचं काय होणार?

तेव्हा तक्त्यात बारावा रकाना घाल, आणि सगळ्यांत आधी तो भर. रात्री ट्रायाजचा फोन कोण उचलतं? त्यासाठी वेगळी मिडवाइफ असते की लेबर वॉर्डमधली हातातलं काम टाकून धावते? फोन उचललाच नाही तर दुसरा नंबर कुठला? वॉर्ड भरलेला असेल तर कुठे पाठवतात? हे दोन्हीकडे दिवसा, रीतसर विचार. उगाच चाचणी म्हणून रात्री फोन करू नकोस, ती लाइन अडलेल्या बाईची आहे. पण खरी शंका आली की क्षणभरही थांबू नकोस. पाणमोट फुटली, रक्त दिसलं, सदतिसाव्या आठवड्याआधी कळा आल्यासारखं वाटलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, यातल्या कशालाही सकाळची वाट बघायची नाही. शेवटच्या गोष्टीबद्दल तर मी हात जोडून सांगते. ‘नववा लागला की बाळ शांत होतं’ हे आपल्या घराघरांतलं वाक्य चूक आहे. शेवटपर्यंत बाळ त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं हलत राहायला हवं. गार पाणी पिऊन बघ, गोड खाऊन बघ, असं कुणी म्हणालं तर होकार दे आणि फोन लाव.

आता तुझे टब आणि दिवे. बर्थ सेंटर वाईट नव्हे, तब्येत ठणठणीत असलेल्या बाईसाठी ते फार चांगलं. फक्त एक विचार. त्या तिघींपैकी पहिलटकरणी किती होत्या? २०११ साली इंग्लंडमधल्या चौसष्ट हजारांवर कमी जोखमीच्या स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेबर वॉर्डला लागून असलेल्या बर्थ सेंटरमध्ये बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या चाळीस जणींना कळा सुरू झाल्यावर किंवा बाळंत झाल्यावर लगेच मोठ्या वॉर्डात हलवावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये हेच प्रमाण बारा-तेराच्या घरात होतं. बहुतेकदा कारण साधं असतं, कळा पुढे सरकत नाहीत किंवा एपिड्युरल (कळांचं दुखणं थांबवायला पाठीत देतात ते इंजेक्शन) हवं असतं. एपिड्युरल टबात मिळत नाही. म्हणून बघायला गेलीस की टबाचा फोटो काढून परत फिरू नकोस. ‘मला हलवलंत तर कुठे नेणार, ते दाखवा,’ असं म्हण. सेंटर त्याच इमारतीत आहे की अँब्युलन्सनं जावं लागतं, हे विचार. लहान बाळांचा विभाग कुठल्या पातळीचा आहे तेही विचार. सगळ्या हॉस्पिटलांत सगळ्यात नाजूक बाळांना ठेवून घेत नाहीत, काही ठिकाणांहून दुसरीकडे हलवतात.

शिवाय तुझ्या आईला मधुमेह आहे असं लिहिलंयस. नसता तरी भारतीय कुटुंबातली म्हणून तुला चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेचं पाणी पाजून तपासणी सांगतीलच. साखर जास्त निघाली तर टबाचं दार बहुधा बंद होईल. तेव्हा आत्ताच त्यात जीव गुंतवू नकोस. हॉस्पिटल नंतरही बदलता येतं.

आणि ती पस्तीस मिनिटं रविवारची की मंगळवारी सकाळी आठची? एकदा सकाळी आठला एम-फोर मोटारवेवरून जाऊन ये दोघं.

माझं मत विचारतेस, तर आज मी जवळच्या जुन्या इमारतीच्या बाजूनं आहे. बाळांचा विभाग पाहून, तपासणीचा निकाल पाहून ते बदलू शकेल. पण तुझ्या फोनला तिथे उत्तर मिळालं, त्याच दिवशी बोलावून तपासलं. पार्किंगपेक्षा माझ्या लेखी याला जास्त किंमत आहे.

बाकीचे प्रश्न भराभर. पहिलं बाळंतपण माहेरी पुण्याला करावं का? हवं असेल तर करावं, पण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर विमान कंपन्या पत्र मागू शकतात आणि सदतिसाव्यानंतर बहुतेक घेतच नाहीत, तेव्हा लवकर ठरव. आई की सासूबाई? पहिले सहा आठवडे एक आणि नंतर दुसरी. दोघी एकदम नकोत, घर लहान आहे. जी येईल तिचा प्रवासाचा विमा आधी काढ. मुलगा की मुलगी हे विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला विचारलं नाहीस याची सासूबाईंना हुरहुर आहे म्हणतेस. असू दे. डिंक, आळीव, खसखस वेंब्लीच्या ईलिंग रोडवर मिळतं, सामानात भरून आणायला सांगू नकोस. बाळाचं नाव नोंदवायला इंग्लंडमध्ये बेचाळीस दिवस मिळतात, बारशापर्यंत थांबलात तरी चालेल.

आता पुन्हा माझ्या मुद्द्याकडे येते, कारण तेवढा एक तुझ्या हातात आहे. पुढच्या भेटीत मिडवाइफला सांगून तुझ्या नोंदीत हे लिहून घे: ‘दुखायला लागलं की मी गप्प होते. गप्प आहे म्हणजे बरी आहे असं समजू नका.’ माझ्या मुलीनं दुसऱ्या वेळी हेच लिहून घेतलं होतं. ड्यूटी बदलली की नवी मिडवाइफ कागद वाचायची आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायची. नवऱ्यालाही त्याचं काम शिकव. बोलायचं तूच, पण कळ आली की फोन तुझ्या तोंडाशी धरून ठेवायचा त्यानं, लांब जाऊ द्यायचा नाही. आणि एकदा दोघं असताना, घराची दारं-खिडक्या लावून, ‘दुखतंय, मला आत्ता तपासा’ हे मोठ्यानं म्हणून बघ. मराठीत म्हण, मग इंग्रजीत म्हण. पहिल्यांदा लाज वाटेल. चार-पाचदा म्हण.