घरी केलेलं कॉकटेल पाणचट का होतं? शेक कधी करायचं आणि नुसतं ढवळायचं कधी?

बावधनच्या फ्लॅटवर मित्र येतात, बार सेट नाही आणि बर्फ बेतानं घालूनही ड्रिंक पाणचट लागतं, असं तुम्ही लिहिलंय. बेतानं घालता हेच चुकतंय. दोन-तीन खडे एवढं पेय गार करता करता स्वतःच संपतात, आणि पेय धड गारही होत नाही. शेकर आणि ग्लास, दोन्ही बर्फानं गच्च भरा.

पाणी मात्र हवंच. ९० मिली मिश्रण बर्फात हलवून गाळलं की ते सव्वाशे मिलीच्या आसपास भरतं, आणि ते वाढीव पाणी धरूनच कृतीची मापं ठरलेली असतात. शेक करणं काय, ढवळणं काय, किती बर्फ वितळू द्यायचा हे आपल्या हातात ठेवण्याचे हे दोन मार्ग आहेत.

लिंबू, फळांचा रस, साय किंवा अंडं असेल तर शेक करा. हे पदार्थ दारूत नीट मिसळायला जोर लागतो, शिवाय हवा शिरून वर हलका फेस येतो. दहा-बारा सेकंद दणकून हलवा, शेकर हाताला चटका बसेल इतका गार झाला की थांबा. सगळंच पारदर्शक आणि दारूचं असेल, म्हणजे नेग्रोनी (जिन, कँपारी हे लाल कडसर मद्य आणि गोड व्हरमूथ ही मसाल्यांची वाइन, प्रत्येकी ३० मिली) किंवा ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की आणि जराशी साखर), तर लांब चमच्यानं अर्धा मिनिट शांतपणे ढवळा. हे शेक केलंत तर विष होणार नाही, पण गढूळ आणि जरा पातळ होईल.

सरावाला डायकिरी घ्या: ६० मिली व्हाइट रम, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार केलेलं. तार वगैरे आणू नका. लिंबू कागदी आणि आयत्या वेळी पिळलेलं. बाटलीतला रस घालणार असाल तर सरळ रम-कोक प्या. कागदी लिंबं कधी फार आंबट असतात, तेव्हा पाकाचे चार थेंब वाढवा.

सामानावर पैसे घालवू नका. घट्ट झाकणाची स्टीलची बाटली शेकर म्हणून चालते, बर्फाचा चुरा अडवायला चहाची बारीक गाळणी पुरते, ३० आणि ६० मिलीला पेग मेजर. पाच-दहा मिलीसाठी कफ सिरपचं मापाचं टोपण धुऊन ठेवा. 'अंदाजे' हा शब्द आमटीपुरता राहू द्या. बर्फ झाकणाच्या डब्यात जमवा. उघड्या ट्रेला फ्रीझरमधल्या बोंबलांचा वास लागतो, आणि तो रमनंही झाकला जात नाही.

व्हिस्की सावरमध्ये (व्हिस्की, लिंबू, पाक) फेसासाठी बरेचदा अंड्याचं पांढरं घालतात. घरात अंडं चालत नसेल तर छोल्यांसाठी उकडलेल्या काबुली चण्यांचं दाटसर, बिनमिठाचं पाणी वापरा, साधारण २० मिली. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. फेस छान धरतो आणि चण्याची चव कळतही नाही.

पुदिना कुटायचा नाही. चटणी करायची नाहीये. चमच्याच्या दांड्यानं हलकेच दाबला की सुगंध सुटतो. चेंदामेंदा केला की कडवट होतो. कोकम घालायचं असेल तर आगळात मीठ असतं हे लक्षात ठेवा, जिनमध्ये १० मिलीपासून सुरुवात करा आणि पाक थोडा वाढवा.

सोडा कधीच शेकरमध्ये नको, झाकण उडून भिंत रंगेल. तो ग्लासात, सगळ्यात शेवटी, आणि फ्रीजमधून काढलेला गार. त्यानंतर चमचा एकदाच, तळापासून वर.

आणि हो, महाराष्ट्रात ही दारू प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही. मित्रमंडळींत कोणी बावीस-तेविशीचं असेल तर त्याला तेच कोकम नुसत्या सोड्यात द्या, पाक जरा जास्त.