अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने एवढा खर्च करून स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि तिथे जेमतेम काही आठवडे काम केलं. मग तो पैसा वायाच गेला ना?

नाही, मला तसं अजिबात वाटत नाही. पण तारखा पाहिल्या की हा प्रश्न पडणारच. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओच्या उद्घाटनाची पार्टी २६ ऑगस्ट १९७० ला झाली. लगेच हेन्ड्रिक्स आइल ऑफ वाइटच्या महोत्सवासाठी इंग्लंडला गेला आणि १८ सप्टेंबरला लंडनमध्ये त्याचा मृत्यूच झाला. वय अवघं २७. बांधकाम पुरतं संपलेलंही नव्हतं तेव्हा, म्हणजे जूनच्या मध्यापासून, तो तिथे रेकॉर्डिंग करू लागला होता. तेही धरलं तरी हिशेब दहा आठवड्यांच्या आसपासच येतो.

मुळात त्याला स्वतःचा स्टुडिओ हवा कशाला होता? मी रेकॉर्डिस्ट आहे, त्यामुळे हे रोज बघतो. भाड्याच्या स्टुडिओत शिफ्ट सुरू झाली की मीटर पडतो. गायक सूर लावत असतो आणि काचेपलीकडे निर्माता मोबाइलवर वेळ बघत असतो. मग 'चला, एक फायनल घेऊन टाकू' असं कोणीतरी म्हणतं आणि जे जमलं ते ठेवलं जातं. हेन्ड्रिक्सची पद्धत याच्या अगदी उलट होती. तो वाजवता वाजवता गाणं शोधायचा. 'इलेक्ट्रिक लेडीलँड' हा १९६८ चा अल्बम बराचसा न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट या भाड्याच्या स्टुडिओत झाला, तेव्हा एकेका गाण्याचे टेकवर टेक होत, रात्री क्लबमध्ये भेटलेले वादक सोबत येत, आणि बिल वाढत जाई. अशा माणसाला तासाच्या भाड्यात बसवणं म्हणजे त्याच्या कामाच्या रीतीलाच दंड लावणं.

गंमत म्हणजे सुरुवातीला स्टुडिओ बांधायचा विचारच नव्हता. ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीटच्या तळघरात जनरेशन नावाचा क्लब होता. तो बंद पडल्यावर हेन्ड्रिक्स आणि त्याचा मॅनेजर मायकल जेफ्री यांनी १९६८ मध्ये ती जागा घेतली. बेत होता नाइटक्लब काढायचा, कोपऱ्यात रेकॉर्डिंगची थोडीफार सोय असली की झालं. त्याचा ध्वनिमुद्रक एडी क्रेमर याने जागा बघून त्यांना वेड्यात काढलं आणि पूर्ण स्टुडिओच करा असा आग्रह धरला. आर्किटेक्ट होता जॉन स्टॉरिक, प्रिन्स्टन विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा. त्याने मॅनहॅटनमध्ये केलेला एक क्लब हेन्ड्रिक्सला आवडला होता. स्टुडिओ त्याने जन्मात केला नव्हता. क्लबचे आराखडे तयार होते, ते बाजूला ठेवून तो ध्वनिशास्त्र शिकत शिकत कामाला लागला. पुढे हाच माणूस जगभर स्टुडिओ बांधणारा नामांकित आर्किटेक्ट झाला.

आता खर्च का फुगला ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा जीव तिथे आहे. त्या भागात जमिनीखालून मिनेटा नावाचा जुना ओढा वाहतो. काम चालू असताना तळघरात पाणी भरलं. पाणी उपसायला कायमचे पंप बसवावे लागले, आणि स्टुडिओत पंप म्हणजे स्वतःच घरात आणलेला गोंगाट. मग त्या पंपांचाच आवाज अडवायचा वेगळा खर्च.

आवाज अडवणं म्हणजे भिंतीला फोम चिकटवणं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मिरवणूक लांबून येत असताना खिडक्या लावून बघा: ताशा जवळपास गायब होतो, ढोल मात्र छातीत वाजत राहतो. खालच्या पट्टीच्या आवाजाची लहर लांब असते. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटरची. ती पातळ फोमला दाद देत नाही. तिला अडवायला वजन लागतं आणि दोन भिंतींमध्ये खरी फट लागते. सोप्या शब्दांत, खोलीच्या आत तिला कुठेही घट्ट न टेकणारी दुसरी खोली बांधायची. त्यात एखादा पाइप जरी दोन्ही भिंतींना चिकटला, तरी आवाज त्यातून वाट काढतो. तळघरात, खाली पाणी वाहत असताना हे करायचं म्हणजे पैसा पाण्यासारखा जाणारच. मध्ये निधी संपून काम अडलं, हेन्ड्रिक्सच्या कार्यक्रमांच्या कमाईतून रेटलं गेलं, शेवटी वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडून कर्ज काढावं लागलं. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला असं सांगतात.

पण जे उभं राहिलं ते तोवरच्या स्टुडिओंसारखं नव्हतं. त्या काळचे मोठे स्टुडिओ म्हणजे पांढऱ्या प्रकाशाच्या सरकारी कचेऱ्या. इथे भिंती गोलाईच्या, खिडक्या गोल, आणि मनाप्रमाणे बदलता येणारे रंगीत दिवे, कारण हेन्ड्रिक्सला तसंच हवं होतं. एका वादकाच्या मालकीचा आणि त्याच्याच मनासारखा घडवलेला असा मोठा व्यावसायिक स्टुडिओ तेव्हा दुर्मीळच होता. माझ्या मते हेच त्याचं मोठं काम. वादकाला कुठे मोकळं वाटतं हाही ध्वनिमुद्रणाचाच भाग आहे, हे त्याने पदरचे पैसे घालून दाखवलं.

त्या दहा आठवड्यांतलं काम ऐकायचं तर 'बेली बटन विंडो' ऐका. २२ ऑगस्ट १९७० चं रेकॉर्डिंग. बँड नाही, ड्रम नाहीत. तो, त्याची गिटार आणि शीळ. तो गेल्यावर क्रेमर आणि ड्रमर मिच मिचेल यांनी याच स्टुडिओत बसून उरलेल्या टेप हातावेगळ्या केल्या आणि १९७१ मध्ये 'द क्राय ऑफ लव्ह' निघाला.

पुढचा हिशेबही मांडा. गायक स्टीव्ही वंडरने १९७२ चा 'टॉकिंग बुक' हा अल्बम बराचसा इथे केला. एसी/डीसी या रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' अल्बमचं मिक्सिंग १९८० मध्ये इथेच झालं. आणि गायिका पॅटी स्मिथ! उद्घाटनाच्या पार्टीला आत जायचा धीर होईना म्हणून ती जिन्यावर बसून होती. हेन्ड्रिक्स बाहेर पडताना तिच्याशी थांबून बोलला. तिने १९७५ मध्ये आपला पहिला अल्बम 'हॉर्सेस' तिथेच रेकॉर्ड केला. पन्नासहून अधिक वर्षं जागा चालू आहे. खर्च वाया गेला म्हणायला मला तरी काही सापडत नाही.

न्यूयॉर्कला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: हा चालता स्टुडिओ आहे, संग्रहालय नव्हे, त्यामुळे सहज आत जाता येत नाही. एखाद्या संगीतकाराचा स्वतःचा स्टुडिओ आतून बघायचाच असेल, तर अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात गायक प्रिन्सचं पेस्ली पार्क आहे. ते २०१६ पासून तिकीट काढून बघता येतं.