गाडी खाली बसवली, आता अलाइनमेंट कधी करू?

प्रश्न : दादा, माझी जुनी स्विफ्ट आहे, २०१३ ची. गेल्या रविवारी चारही स्प्रिंगा बदलून ३५ एमएम खाली घेतली. लगेच अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला गेलो तर तिथला मेकॅनिक म्हणाला आत्ता करू नका, पैसे वाया जातील, स्प्रिंग बसू द्या, दोन हजार किलोमीटर झाल्यावर या. मी हट्टाने रीडिंग तेवढं काढून घेतलं. पुढचा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर किती कललाय तो कोन, उणे म्हणजे आत; ६० मिनिटं म्हणजे एक अंश) डावीकडे उणे १ अंश १० मिनिटं, उजवीकडे उणे ३५ मिनिटं, आणि एकूण टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) उणे ४० मिनिटं. गाडी उजवीकडे ओढते. दोन हजार थांबू का? आणि मागची उजवी बाजू डावीपेक्षा ६ एमएम उंच दिसतेय ती बसेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबू नका हो! त्याचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात तुमचे टायर जातील.

उणे ४० मिनिटं टो म्हणजे दोन्ही चाकं बाहेर तोंड करून चाललीत, एकेक चाक २० मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब केला तर गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा तेवढ्यात प्रत्येक टायर जवळजवळ पावणेसहा मीटर आडवा घासला जातो. दोन हजार किलोमीटर असं चाललात तर आतली कड करवतीसारखी होईल. आत्ताच बघा, टायरवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने दाते लागले तर टो खायला लागलाय असं समजा. कॅम्बर थोडा जास्त असला तर टायर हळूहळू जातो, टो चुकला की पटापट जातो. म्हणून आज-उद्याकडे टो सरळ करून घ्या, टाय रॉड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा, फिरवायचं काम आहे, आणि पूर्ण अलाइनमेंट नंतर परत करा. दोनदा पैसे जातात हे मान्य, पण दोन टायरपेक्षा स्वस्त.

पण त्याआधी एक काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या आणि इथेच मला शंका आहे. पुढची स्प्रिंग बदलताना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) काढावा लागतो, तुमच्या गाडीत तो नकलला, म्हणजे चाकाचं हब धरणाऱ्या लोखंडी भागाला, दोन बोल्टने धरलेला असतो आणि त्या भोकांना थोडी ढील असते. परत लावताना एका बाजूचं हब वजनाने बाहेर लोंबकळत होतं आणि दुसऱ्या बाजूचं कोणीतरी आत ढकललेलं होतं, बोल्ट तसेच आवळले गेले, झाला डाव्या-उजव्याचा ३५ मिनिटांचा फरक! कॅम्बर ज्या बाजूला कमी उणे, गाडी त्या बाजूला ओढते, तुमची उजवीकडे ओढते, म्हणजे हिशोब जुळतोच की. दोन्ही बोल्ट ढिले करून चाकाचा वरचा भाग हवा तिकडे ढकलून आवळायचे, बहुतेक फरक तिथेच मिटतो. "या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही" असं ऐकवतील, कंपनीने नट दिलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. नाहीच मिटला तर फिरवून कॅम्बर बदलता येणारे कॅम्बर बोल्ट मिळतात. आणि आधी कॅम्बर, मग टो, उलटं केलंत तर कॅम्बर हलवला की टो पुन्हा बिघडतो.

आता स्प्रिंग बसण्याचं. चांगल्या स्प्रिंगा कंपनीतच पूर्ण दाबून घेतात, त्यामुळे लोखंड नंतर फारसं बसत नाही. बसतं ते आजूबाजूचं, वरचं माउंट, स्प्रिंगखालचं रबर, स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत जाऊन टेकणं. पाच-दहा एमएम फार तर. आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे बुश, सांध्यांतली रबरं! लोअर आर्मचे (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) आणि मागच्या ॲक्सलचे बुश जुन्या उंचीवर आवळलेले आहेत, आता गाडी खाली आली तर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकलंय आणि गाडीला वर धरून ठेवतंय. तुमच्या ६ एमएमचं कारण हे असू शकतं. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकती नाही, ते बोल्ट ढिले करून परत कंपनीने दिलेल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळा. लटकत्या गाडीत आवळणारे खूप आहेत, मग बुश वर्षात फाटतो आणि दोष स्प्रिंगला.

मापायचं असेल तर नीट मापा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, जमिनीपासून नको, टायरमधल्या हवेचा फरक येतो. जॅकवरून उतरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकला, नाहीतर टायर आखडून बसतात आणि बॉडी उंच दिसते. चारही आकडे लिहून ठेवा, आठवड्याने परत. दोन आठवडे आकडा हलला नाही की बसली समजा आणि शेवटचं अलाइनमेंट करून टाका, किलोमीटर कितीही झाले असोत. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा ॲक्सल आहे, तिथे फिरवायला काही नसतं, रीडिंग तेवढं घेऊन ठेवा.

प्रश्न : स्प्रिंगचे दीड वेटोळे कापलेत, स्वस्तात झालं. तीही बसून सारखी होईल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ग्राइंडरने कापली असेल तर वेटोळी कमी झाल्याने ती आणखी कडक होते, आणि खड्ड्यात चाक लोंबकळलं की जागेवरून सुटते. गॅसने कापली असेल तर त्या लोखंडाचं पाणी गेलं, ती महिनोन्महिने बसतच राहणार, दोन्ही बाजूंना वेगवेगळी. अशा गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. आधी स्प्रिंगा बदला.

प्रश्न : कायद्याने चालतं का हे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. विम्याचा दावा करताना हा प्रश्न निघू शकतो, तेव्हा जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.